दोरीची दोन टोकं

माझ्या रायफलच्या पिशवीत नारिंगी रंगाची एक नायलॉनची दोरी असते. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, तिला 'सेफ्टी फ्लॅग' म्हणतात. नेमबाजी थांबली, रायफल टेबलावर ठेवली, की ही दोरी नळीत ओवायची. एक टोक मागे, छर्रा भरायच्या जागेतून बाहेर आलं पाहिजे आणि दुसरं पुढे, नळीच्या तोंडातून. दोन्ही टोकं दिसली की दहा पावलांवरच्या माणसालाही कळतं, नळीत काही नाही. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत एअर रायफलसाठी ही दोरी नळीच्या पूर्ण लांबीची हवी, असं स्पष्ट लिहिलं आहे.

सात वर्षांपूर्वी मी ती दोरी कापली.

कारण अगदी फुटकळ होतं. दोरी लांब, पिशवीत तिचा गुंता व्हायचा, ओवताना मध्येच अडकायची, आणि सरावानंतर घरी जायची घाई असायची. कात्री घेतली आणि वीतभर तुकडा ठेवला. तो नळीच्या तोंडात पुढून खोचला की नारिंगी टोक छान लोंबताना दिसायचं. आमची रेंज छोटी, सगळे ओळखीचे. कुणी टोकलं नाही. पुढे आणखी दोघांनी आपापल्या दोऱ्या कापल्या, माझं बघून.

मग एका संध्याकाळी 'स्टॉप'ची हाक आली तेव्हा माझ्या नळीत छर्रा भरलेला होता. अशा वेळी हात वर करून सांगायचं आणि परवानगी घेऊन तो छर्रा समोर टार्गेटात सोडून द्यायचा, असा नियम आहे. मी तो सोडला, असं मला तेव्हा वाटलं. खरं सांगायचं तर आजही आठवायला बसलो की सोडल्याचंच आठवतं. अकरा वर्षं रोज जे केलं ते त्या दिवशीही केलंच असणार, असं डोकं परस्पर ठरवून टाकतं. शेजारचा मित्र माझ्या गुणांवरून चेष्टा करत होता, मी हसत हसत दोरीचा तुकडा खोचला आणि रायफल पिशवीत गेली. पूर्ण लांबीची दोरी असती तर ती आतल्या छर्ऱ्यावर अडली असती. वीतभर तुकडा कशावर अडणार?

रात्री जेवणं झाल्यावर मी हॉलमध्ये 'ड्राय फायर'ला उभा राहिलो. म्हणजे छर्ऱ्याविना नुसता चाप ओढण्याचा सराव. भिंतीवर कागदाचा काळा ठिपका चिकटवायचा, नेम धरायचा आणि चाप सुटताना हात हलतो का ते बघायचं. त्यासाठी रायफलला वेगळा खटका असतो, तो फिरवला की हवा सुटतच नाही. तो फिरवायचा राहिला. हवेचा सिलिंडर काढून ठेवता आला असता, तो लावलेलाच होता. श्वास अर्ध्यावर धरला, चाप ओढला आणि 'फट्' झालं. गिलाव्याला खळगा पडला. शिशाचा चपटा झालेला तुकडा दोन दिवसांनी चपलांच्या स्टँडखाली सापडला. ठिपका मात्र मधोमध फुटला होता. नेम उत्तम लागला होता.

कुणाला काही झालं नाही. ही गोष्ट मी आजवर कमी लोकांना सांगितली, त्यामागे लाज हे एक कारण आहेच. दुसरं कारण असं की ऐकणारा प्रत्येक जण शेवटी म्हणतो, "चला, काही झालं नाही ना, बास." माझं सगळं भांडण या वाक्याशी आहे.

तापलेल्या तव्याला हात लागला तर तवा तिथल्या तिथे चटका देतो. लहान मूल एकदाच शिकतं. बंदुकीचं तसं नसतं. तिच्यापाशी केलेली चूक शंभरातल्या नव्याण्णव वेळा बिनबोभाट माफ होते. दोरी कापली, काही झालं नाही. सिलिंडर काढला नाही, काही झालं नाही. बोट चापावर ठेवून शेजाऱ्याशी बोललो, काही झालं नाही. दर वेळी मिळालेली ही माफी आपण अनुभव म्हणून खात्यात जमा करतो आणि पुढच्या वेळी त्याच्या जोरावर आणखी एक पायरी गाळतो. माझ्या घरात त्या रात्री तीन कड्या होत्या: दोरी, खटका आणि सिलिंडर. तिन्ही मी स्वतः काढल्या होत्या, आणि त्याही एका रात्रीत काढलेल्या नव्हत्या.

एअरगनच्या बाबतीत हा गाफीलपणा जास्त फोफावतो, कारण तिला आपण बंदूक समजतच नाही. नावातच हवा आहे. हवेने फार तर दिवा विझेल, असं कुठेतरी मनात असतं. म्हणून थोडे आकडे सांगतो. स्पर्धेतल्या १० मीटर एअर रायफलचा छर्रा ४.५ मिलिमीटर व्यासाचा आणि अर्ध्या ग्रॅमहून किंचित जड असतो. नळीतून निघताना त्याचा वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी ६०० किलोमीटरच्या वर. याच आकाराच्या छर्ऱ्याला माणसाची त्वचा भेदायला सेकंदाला १०० मीटरच्या आसपासचा वेग पुरतो आणि डोळ्याला त्याहून बराच कमी. जी रायफल आपण शाळकरी मुलांच्या हाती देतो तिच्याबद्दल हे बोलणं चाललं आहे. द्यावी की नाही, हा माझा प्रश्न नाही. द्यावीच. माझ्या पुतणीच्या हाती मीच दिली. पण देताना 'हवेची आहे, काही होत नाही' हे वाक्य सोबत देऊ नये.

सिलिंडरचंही तेच. त्यात २०० बारचा दाब भरलेला असतो. गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतो, म्हणजे ही जवळजवळ नव्वद पट. म्हणूनच स्पर्धेत दहा वर्षांहून जुना सिलिंडर चालत नाही. पण बारा-तेरा वर्षांपूर्वीची तारीख कोरलेले सिलिंडर मी लोकांच्या रायफलना लावलेले पाहिले आहेत. विचारलं की उत्तर ठरलेलं: "सरांचा आहे, मस्त चालतोय." मस्त चालणं ही सिलिंडरची शेवटच्या दिवसापर्यंतची खूण असते.

आता कायदा बघा. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतची, म्हणजे दुकानात जिला 'पॉइंट वन सेव्हन सेव्हन' म्हणतात ती, आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेची एअरगन घ्यायला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या रायफलची ऊर्जा आठ ज्यूलच्या जवळपास भरते. म्हणजे गंमत अशी, की जिच्यापाशी रेंज ऑफिसर उभा असतो, जिला दोरी, हाका आणि मागे छर्रे अडवणारा पत्रा असतो ती बंदूक आठ ज्यूलची. आणि कपाटामागे उभी करून ठेवलेली, आंब्यावरची माकडं हाकलायला आणलेली बंदूक तिच्या दुपटीहूनही ताकदवान असू शकते, तिच्यापाशी कोणीच नसतं. नियम लिहिणाऱ्यांना यात काही वावगं वाटलं नसणार, कारण २० ज्यूल ही मर्यादा 'परवाना हवा की नको' एवढंच ठरवण्यासाठी आहे. पण बाजारात तिचा अर्थ बदलतो. 'लायसन्स लागत नाही' हे वाक्य गिऱ्हाइकाच्या कानात पोहोचेपर्यंत 'धोका नाही' झालेलं असतं. दुकानदार खोटं बोललेला नसतो. ऐकणाऱ्याला जे ऐकायचं होतं ते त्याने ऐकलेलं असतं.

आपल्या मनात एअरगनला ही जी सूट मिळालेली आहे तिच्यामागे काही गोड आठवणीही आहेत. सलीम अलींची गोष्ट आपण सगळे शाळेत शिकलो. मामांनी दिलेली खेळण्यातली एअरगन, १९०८ साली मुंबईत पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी, ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड साहेबांपुढे उभा राहिलेला बुजरा पोरगा. तिथून भारताला पक्षीशास्त्रज्ञ मिळाला. गोष्ट खरी आहे आणि सुंदरही आहे. मात्र तिच्यातली बंदूक इतकी निरागस होऊन जाते की बारा वर्षांच्या मुलाच्या हाती, कुणी मोठं माणूस सोबत नसताना, चिमणीचा जीव घेण्याइतकं हत्यार होतं, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. आज तेच केलं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याचा प्रश्न उभा राहील. त्या कायद्यात प्राण्याला जखमी करणं हीसुद्धा शिकारच आहे. अरुणाचल प्रदेशात २०२१ पासून सरकारने एअरगन परत करण्याची मोहीम चालवली आणि दोन हजारांहून जास्त बंदुका लोकांनी आपणहून आणून दिल्या. तिथली रानं मुकी होऊ लागली होती. आपल्याकडे असं काही करायचं कुणाच्या मनात येणार नाही, कारण आपल्या लेखी ती बंदूकच नाही, जत्रेतलं खेळणं आहे.

जत्रेचं नाव निघालंच आहे तर तिथेच थोडं थांबू. एकाही गावची जत्रा फुग्यांच्या फळीशिवाय होत नाही. मी स्वतः पहिला बार तिथेच काढला, वडिलांनी मागून दस्ता धरलेला असताना. पाळण्याच्या आणि मौत का कुव्याच्या मधल्या जागेत एक फळकूट, त्यावर रांगेने लावलेले फुगे, मागे कधी पत्रा तर कधी नुसतं पोतं. पुढे टेबलावर चार-पाच बंदुका, सगळ्या मोडून, म्हणजे नळी खाली वाकवून, भरायच्या, कुणाची माशी (नेम धरायचा पुढचा खुंट) वाकडी तर कुणाचा दस्ता तारेने बांधलेला. गेल्या वर्षी एका जत्रेत मी अर्धा तास नुसता उभा राहून बघत होतो. स्टॉलवाल्याचा हातखंडा होता. एकीकडे नळी मोडून छर्रा घालतोय, ताणलेली बंदूक गिऱ्हाइकाच्या हाती देतोय, दुसऱ्याचे पैसे घेतोय, आणि मध्येच फुटलेल्या फुग्यांच्या जागी नवे लावायला फळीपाशी जातोय. फळीपाशी! म्हणजे भरलेल्या दोन बंदुकांच्या पुढ्यात, त्यांच्याकडे पाठ करून. टेबलापाशी नऊ-दहा वर्षांचा मुलगा बंदूक आडवी धरून आईला विचारत होता, "मम्मी, फोटो काढ ना." नळी रांगेत उभ्या असलेल्यांच्या पोटाकडे होती. आईने मोबाइल सरळ केला आणि म्हणाली, "हस."

न राहवून मी स्टॉलवाल्याला म्हटलं, मामा, पुढे जाताना बंदुका काढून घेत जा की. तो रागावला नाही. म्हणाला, "बावीस वर्षं झाली साहेब. अजून एक छर्रा लागला न्हाई." त्याच्या बोलण्यावर मी काय उत्तर देणार होतो? तेच वाक्य मीही अकरा वर्षं जगलो होतो.

त्याला दोष देऊन भागत नाही. त्याचं पोट फुग्यांच्या गतीवर आहे. बंदुका गोळा करत बसला तर रात्रीत निम्मी गिऱ्हाइकं होतील. पण जत्रेला परवानगी देणारी ग्रामपंचायत किंवा नगरपालिका त्याच्याकडून जागेचं भाडं घेते, पाळण्याचे बोल्ट तपासायला माणूस पाठवते (निदान पाठवायचा असतो), मग बंदुकांच्या स्टॉलला दोन अटी घालायला काय हरकत आहे? बंदूक आखूड साखळीने टेबलाला जखडलेली हवी, म्हणजे नळी बाजूला फिरणारच नाही. आणि दोरीने मागे ओढून बाजूने फुगे लावता येतील अशी फळी हवी. खर्च किती, हजार-दोन हजार. पण आजवर अटच नाही, कारण आजवर छर्रा लागलेला नाही.

आपल्याकडे म्हणतात, पट्टीचा पोहणाराच बुडतो. साधी शक्यतेची गोष्ट आहे; जो रोज विहिरीत उतरतो तोच बुडणार, काठावरचा कसा बुडेल? पण त्यात आणखीही काही आहे, आणि ते सर्पमित्रांकडे बघितलं की कळतं. दर पावसाळ्यात एखादी बातमी येतेच: शेकडो नाग पकडलेल्या सर्पमित्राला नाग डसला. बारकाईने वाचलं तर बहुतेकदा साप आधीच पकडून झालेला असतो. लोक जमलेले असतात, कुणीतरी म्हणतं एक फोटो, आणि तो साप हातात घेऊन वळतो. कामाच्या ऐन भरात त्याचं सगळं लक्ष सापावर होतं. काम संपलं असं मनाने घेतलं, तेव्हा साप होता तितकाच साप होता.

रेंजवर मला हेच दिसतं. नव्या मुलांची मला काळजी नसते. पहिल्या आठवड्यात ती रायफल देवघरातल्या मूर्तीसारखी उचलतात, प्रत्येक गोष्ट विचारून करतात. बिघडायला सुरुवात होते तिसऱ्या महिन्यात. गुण वाढायला लागतात, हात बसतो, आणि बोट आपोआप चापावर जाऊन बसतं. त्याहून पुढचा वर्ग आम्हा जुन्या लोकांचा. आम्ही छर्रे ओठांत धरून भरतो, का, तर डबीत हात घालायचा वेळ वाचतो. छर्रा शिशाचा असतो हे आम्हाला पक्कं माहीत असतं. त्याच हाताने आम्ही मधल्या सुट्टीत वडापाव खातो आणि पोरांना सांगतो, हात धुऊन या रे.

कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवल्यापासून आमच्या भागात आई-वडील मुलांना घेऊन रेंज शोधत येतात. (त्याची रायफल ५० मीटरची, पॉइंट टू टू, खऱ्या काडतुसाची, पण घराघरात ती 'एअर रायफल'च झाली आहे.) त्याच्या आधीही अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांनी, आणि २०२२ साली कैरोला जगज्जेता झालेल्या ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने हा खेळ मराठी घरांत आणून सोडलाच होता. मला याचा आनंद आहे. म्हणूनच भीती वाटते. तालुक्याच्या गावांत एखाद्या मंगल कार्यालयाच्या मागच्या हॉलमध्ये, गोदामात, कुणाच्या गच्चीवर पत्रे मारून दहा मीटरच्या लेन तयार होतात. काही ठिकाणी मनापासून काम चालतं. काही ठिकाणी मागचा दरवाजा थेट लेनच्या टोकाला उघडतो आणि त्याला आतून कडी नसते. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. चहावाला त्याच दाराने यायचा.

मग यावर उपाय काय? पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तो म्हणजे परवाना. प्रत्येक एअरगनला लायसन्स सक्तीचं करा. स्कॉटलंडने तसं केलं. ग्लासगोत २००५ साली दोन वर्षांचं मूल एअरगनचा छर्रा लागून गेलं, त्यानंतर अनेक वर्षं वाद चालला आणि २०१६ च्या शेवटच्या दिवसापासून तिथे एअरगनला परवाना सक्तीचा झाला. ज्यांना हा मार्ग पटतो त्यांची कळकळ मला कळते, पण मी त्या बाजूचा नाही. आपल्याकडे शस्त्रपरवाना काढणं म्हणजे पोलीस ठाणं, अहवाल, जिल्हाधिकारी कार्यालय, आणि 'साहेब बैठकीला गेलेत'. राधानगरीचा किंवा जतचा बाप आठवीतल्या पोरीसाठी हे करणार नाही. खेळ शहरात आणि पैसेवाल्यांत उरेल. कपाटामागची बंदूक मात्र कपाटामागेच राहील, फक्त बेकायदा होऊन, म्हणजे आणखी गुपचूप.

शिवाय परवान्याने गाफीलपणा जात असता, तर परवान्याच्या हत्यारांचे अपघात झालेच नसते. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेता गोविंदा याला स्वतःच्याच, परवाना असलेल्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायात लागली. घरातून निघायच्या तयारीत होता, ते ठेवताना हा प्रकार घडला. मी त्याच्यावर हसणार नाही. माझ्या भिंतीला खळगा आहे. सरकारने माणूस तपासला, कागद तपासले, शिक्का मारला. पहाटे पावणेपाचला, निघायच्या घाईत, हातात हत्यार असताना तो शिक्का काय करणार?

मला इंग्लंडचा रस्ता जास्त पटतो. तिथे साधारण ताकदीच्या एअर रायफलला परवाना नाही, पण २०११ पासून मालकावर एक जबाबदारी टाकलेली आहे: अठरा वर्षांखालचं मूल परस्पर बंदुकीपर्यंत पोहोचणार नाही याची वाजवी काळजी घ्यायची. घेतली नाही तर तो गुन्हा. यात प्रश्न 'तुझ्याकडे कागद आहे का' असा येत नाही, 'कुलूप कुठे आहे' असा येतो. आपल्या नियमांत एवढी एक ओळ आली तर फरक पडेल. बंदूक कुलपात, छर्रे वेगळ्या कुलपात. विकताना दुकानदाराने दहा मिनिटं खर्चून ती मोडून, भरून, रिकामी करून दाखवायची. मोडायच्या बंदुकीत बोट असताना चाप दबला तर नळी बोटावर कशी आपटते हे तर त्याने हात राखून करून दाखवावंच. नवा मिक्सर घेतला तर घरी माणूस येऊन डेमो देतो. इथे खोक्यात इंग्रजी घडीपत्रक असतं आणि ते पोराच्या हाती पडायच्या आधी रद्दीत जातं.

यावर कुणी म्हणेल, कुलपाचा कायदा घरात शिरून कोण तपासणार? कुणी नाही. मान्य आहे. पण हेल्मेटसारखा रोज चौकात तपासायचा हा कायदा नव्हेच. अपघात झाल्यावर 'खेळता खेळता झालं' या तीन शब्दांवर जी फाईल मिटते, ती मिटू न देण्यापुरता तो उपयोगी पडेल. आज त्या मुलाच्या हाती बंदूक आलीच कशी, हे विचारायला आपल्याकडे नीट जागाच नाही. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात कार्बाइड भरलेल्या प्लॅस्टिकच्या पाइपांनी कित्येक मुलांचे डोळे गेले, तेव्हाही पहिल्या दिवशी सगळे पोरांनाच विचारत होते, कशाला वाकून बघितलंस? पाइप विकणारे आणि हसत हसत विकत घेऊन देणारे, दोघेही मोठे होते.

कायद्याचं कायद्यापाशी. माझ्या हातात रेंजवरचे दोन तास आहेत, आणि तिथे मी एक गोष्ट रेल्वेवाल्यांकडून उचलली आहे. इंजिनात लोको पायलट आणि त्याचा सहायक सिग्नल नुसता बघत नाहीत, तो एकमेकांना मोठ्याने सांगतात. एकाने सांगायचं, दुसऱ्याने स्वतः बघून परत सांगायचं. वीस वर्षं त्याच मार्गावर गाडी नेणारा माणूसही 'हिरवा' असं तोंडाने म्हणतो. बाहेरच्याला हे पोरकट वाटेल. पण डोळा सवयीने जे नाही ते बघतो, आणि तोंडाने म्हणायचं म्हटलं की त्याला क्षणभर खरंच बघावं लागतं. मला तर माझ्या आठवणीने फसवलं होतं. त्या संध्याकाळी मला शेजाऱ्याला "रिकामी" असं म्हणून दाखवावं लागलं असतं, तर मी नळीत डोकावलो असतो.

म्हणून आता आमच्याकडे कुणीही रायफल पिशवीत घालण्याआधी शेजारच्याला मागचा भाग उघडून दाखवतो. "पाहिली?" "पाहिली." एवढंच. सुरुवातीला मोठी माणसं ओशाळायची, हळू आवाजात पुटपुटायची. एक निवृत्त फौजी गृहस्थ मात्र पहिल्या दिवसापासून खणखणीत आवाजात म्हणतात, त्यांना यात नवीन काही वाटलंच नाही. लहान मुलांना तर हा खेळच वाटतो. ती एकमेकांना तीन-तीनदा दाखवतात. कंटाळवाणं आहे, वेळ जातो, मान्य. दोरीही कंटाळवाणीच होती.

मागच्या रविवारी मी घाईत होतो. नवी, पूर्ण लांबीची दोरी ओवली, मागचं टोक दिसत होतं, रायफल उचलून पिशवीकडे वळलो. सातवीतली एक मुलगी माझी जोडीदार होती. ती उठली नाही, "पाहिली" म्हणाली नाही. वाकून नळीच्या तोंडाकडे बघत राहिली.

"काका, पुढून दोरी दिसत नाहीये."

आत अडली असेल गं, म्हटलं मी, गाठ पडली असेल.

"मग काढून परत घाला ना," ती म्हणाली आणि हात मागे बांधून उभी राहिली.

मी रायफल परत टेबलावर ठेवली.